डीपीतला १२ मीटरचा रस्ता आणि गावाची वेस: वारसा आणि प्लॅनिंगचा संबंध काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याचं गाव, नगरपरिषदेचा सुधारित डीपी, म्हणजे विकास आराखडा, प्रारूप म्हणून जाहीर झालाय, त्यात जुन्या गावाच्या वेशीतून १२ मीटरचा रस्ता टाकलाय. विचारणारे स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहेत, त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर मिळालं की वारसा-बिरसा पुरातत्त्ववाल्यांचं काम, प्लॅनिंगशी त्याचा काय संबंध, उगाच गावाचा विकास अडवू नका. तर संबंध आहे का, आणि असला तर त्याचा उपयोग काय, असं ते विचारायलेत.

मी कन्झर्वेशन आर्किटेक्ट, आधी नगररचनेचं काम केलं मग इकडं आलो, तीसेक वर्षं मराठवाड्यातच फिरतोय, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा कायद्याचं सांगतो, म्हणजे पुढच्या मीटिंगला हातात काहीतरी असेल. आपला एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, १९६६ चा. त्यात कलम २२ मध्ये डीपीत काय काय असावं याची यादी आहे, रस्ते, शाळा, बाजार, पाणी, सगळं, आणि त्याच यादीत ऐतिहासिक, नैसर्गिक, स्थापत्याच्या दृष्टीनं महत्त्वाच्या जागा जपणं हेही आहे. प्रादेशिक योजनेसाठी कलम १४ मध्ये तसंच आहे. नंतरच्या दुरुस्तीत 'हेरिटेज बिल्डिंग' आणि 'हेरिटेज प्रिसिंक्ट' (वारसा परिसर) हे शब्द व्याख्येसकट कायद्यात आले. त्यामुळं "प्लॅनिंगचा काय संबंध" म्हणणाऱ्याला नम्रपणे म्हणायचं, साहेब, ज्या कलमाखाली तुम्ही रस्ता टाकलात त्याच कलमात वेस पण आहे. पुरातत्त्व विभाग फक्त संरक्षित स्मारकं सांभाळतो, मग ती केंद्राची असोत की राज्याची. तुमच्या गावची वेस, पाटलाची गढी, बारव, चिरेबंदी वाडे, जुना बाजार यातलं बहुतेक कुठल्याच संरक्षित यादीत नसतं, म्हणजे त्याला वाली असलाच तर तो डीपीच, दुसरा कोणी नाही.

आता खरी गोम कुठं आहे बघा. डीपी करताना सगळ्यात आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, पोरं टॅब घेऊन गल्लोगल्ली फिरतात आणि प्रत्येक प्लॉटला रंग देतात. राहतं घर पिवळं. दोनशे वर्षांचा चौसोपी वाडा पिवळा, आणि शेजारी मागच्या वर्षी बांधलेला स्लॅबचा बंगला, तोही पिवळा. बारव म्हणजे एक छोटा गोल, विहीर. आणि वेस? वेस रस्त्यात उभी असते, रस्ता हा आधीच रस्ता, त्यामुळं वेशीला रंगच मिळत नाही, ती नकाशावर उमटतच नाही. पुढं ऑफिसात बसून जो माणूस स्केल लावून रस्त्याची लाइन ओढतो त्यानं ते गाव बहुतेक एकदा दोनदाच पाहिलेलं असतं, त्याच्या शीटवर तिथं मोकळा रस्ता दिसतो, तो ओढतो सरळ रेघ. त्याचा राग करून उपयोग नाही, त्याला कुणी दाखवलंच नाही. माझ्या अनुभवात जुन्या गोष्टी जेवढ्या मुद्दाम पाडल्या गेल्या त्याच्या कितीतरी पट नकाशावर नव्हत्या म्हणून गेल्या. एवढीच माझी या सगळ्या उत्तरातली मुख्य गोष्ट, बाकी त्याचाच विस्तार.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण संभाजीनगरच. १६१० मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, त्याचा भडकल दरवाजा १६१२ चा, मग औरंगजेबाच्या काळात १६८२ मध्ये शहराला तटबंदी झाली, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा असे मोठे दरवाजे, आणि लोक अजून अभिमानानं बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. पण तटबंदी बहुतेक ठिकाणी गेली, दरवाजे मात्र एकेकटे राहिले, कुणी चौकात, कुणी रस्त्याच्या मधोमध. भिंत नसलेला दरवाजा म्हणजे घर पडलेलं आणि चौकट उभी. नव्या माणसाला तो ट्रॅफिकचा अडथळाच वाटणार, त्याची काय चूक?

दरवाज्यांचा आणखी एक आजार आहे जो फोटोत दिसत नाही. दर चार-पाच वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, जुना खरवडून काढायचा असतो पण काढत नाहीत, आणि असं करत करत पन्नास वर्षांत रस्ता दीड-दोन फूट वर येतो. म्हणजे दरवाज्याची जोती गाडली जातात, कमान बुटकी होते, पावसाचं पाणी देवड्यांत, म्हणजे दरवाज्यातल्या पहारेकऱ्यांच्या जागेत, शिरतं, मग एक दिवस ट्रकवर रचलेला कडबा नाहीतर जेसीबीचा बूम कमानीच्या मधल्या दगडाला लागतो आणि पेपरात बातमी येते की दरवाजा धोकादायक झालाय. दरवाजा धोकादायक झालेला नसतो, रस्ता वर आलेला असतो. दुरुस्तीच्या निविदेत चुन्याचं काम, दगडाचं काम, लायटिंग सगळं असतं, पण "दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना अमुक मीटरपर्यंत जुना डांबराचा थर काढून मूळ पातळी आणावी" ही एक ओळ नसते, कारण रस्ता दुसऱ्या खात्याचा. अलीकडं स्मार्ट सिटीच्या पैशातून काही दरवाज्यांची आणि शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याची दुरुस्ती झाली, चांगलं झालं, पण दुरुस्ती आणि प्लॅनिंग या दोन वेगळ्या गोष्टी, हे लक्षात ठेवा.

दौलताबादला तर दर रविवारी हाच खेळ. जुनी वेरूळची वाट किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दिल्ली दरवाज्यातून जाते, समोरून एक बस आली की अलीकडं अर्धा किलोमीटर लाइन. लोक म्हणतात दरवाजा मोठा करा. अहो, दरवाजा देवगिरीचा, तो कसा मोठा करणार, मोठी करायची ती दुसरी वाट! इथं शहराचा डीपी पुरत नाही, कारण दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ ही एक साखळी आहे, शहरातून निघालेला माणूस किल्ला, दर्गा, घृष्णेश्वर, लेणी असं एका दिवसात करतो, आणि त्याच रस्त्यानं गावकऱ्यांचे ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या, लग्नाच्या वराती जातात. वळणरस्ता कुठून न्यायचा, गाड्या कुठं थांबवायच्या, हॉटेलं कुठं होऊ द्यायची, हे तालुक्याच्या पातळीवर ठरवायचं असतं आणि त्याच कामाला प्रादेशिक नियोजन म्हणतात. अजिंठ्याला एक गोष्ट तरी नीट केली, खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर बसनं जायचं. सुरुवातीला लोक कुरकुरले, पण लेण्यांच्या तोंडाशी पार्किंग झालं असतं तर वाघूरच्या त्या खोऱ्याचं काय झालं असतं कल्पना करा. १९८३ पासून वेरूळ आणि अजिंठा जागतिक वारसा यादीत आहेत, पण चित्रांना धूर आणि गर्दीपासून वाचवणारा निर्णय शेवटी पार्किंगचा होता, म्हणजे प्लॅनिंगचाच.

नहरीचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मलिक अंबरनं संभाजीनगरच्या उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, खापरी नळांतून आणि बांधीव नाल्यांतून, नुसत्या उतारावर गावात आणलं, मधेमधे मनोरे ठेवले, त्यातून हवा बाहेर पडते आणि पाण्याचा दाब आवरतो. पाणचक्कीचं पाणीही असंच वेगळ्या नहरीतून लांबून येतं. ना पंप, ना वीज. आता प्लॅनरच्या नजरेनं बघा, ही काही पाहण्याची जागा नाही, ही युटिलिटी लाइन आहे. जशी हायटेन्शन तारेखाली बांधकाम नाही, गॅसच्या पाइपवर खोदकाम नाही, तशी नहरीच्या दोन्ही अंगाला काही मीटरची पट्टी डीपीवर आखून "इथं खोल खोदायचं नाही, बोअर घ्यायचा नाही, ड्रेनेज ओलांडायचं तर परवानगीनं" असं नियमात टाकायला हवं. तसं झालं नाही की काय होतं, एकानं फुटिंग खोदताना नळ फोडला, दुसऱ्यानं बोअर मारला, तिसऱ्याच्या संडासाचं पाणी आत शिरलं, आणि वरून कुणालाच काही दिसत नाही. आज शहराला जायकवाडीचं पाणी लांबून उपसून चढवून आणावं लागतं आणि नळाला ते किती दिवसांनी येतं हे तिथल्या माणसाला विचारा. मी असं म्हणत नाही की नहर सगळ्या शहराला पाणी पाजेल, नाही पाजणार, वस्ती कुठल्या कुठं गेली. पण बागा, सार्वजनिक संडास, टँकरचं वापराचं पाणी एवढं भागलं तरी फुकटची योजना हातची का घालवायची?

आता जे लोक वारशाच्या नावानं बोटं मोडतात त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे, कारण त्यात दम आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर विनियमित क्षेत्र. आणि मोजायचं कुठून, तर इमारतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून, म्हणजे ज्या घुमटाकडं बघून तुम्ही अंतर मोजता त्यापेक्षा मनाईची रेघ बरीच पुढं येते. त्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही, दुरुस्ती करायची तर अर्ज, सक्षम अधिकारी, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण, कागदावर कागद. तीन पिढ्या तिथं राहणाऱ्या माणसाला वर एक खोली काढता येत नाही, पोराचं लग्न ठरत नाही कारण घर लहान. मग तो काय करतो, सलग सुट्ट्या बघून रातोरात पत्रे चढवतो. मी अशा घरांत बसून चहा प्यायलोय, ती माणसं वारशाची दुश्मन नाहीत, त्यांना फक्त कुणी विचारलं नाही. इथंही डीपीला काम आहे: त्या पट्ट्यातल्या लोकांसाठी जवळच घरांचं आरक्षण ठेवणं, तिथला बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरू देणं, निदान दुरुस्तीला काय चालतं काय नाही याचं मराठीत पानभर पत्रक. नुसतं नाही म्हणणारा नियम आपल्याकडं आठ दिवस टिकत नाही. आणि हो, हा १००-२०० चा नियम केंद्राच्या स्मारकांचा. तुमच्या वेशीला तो लागत नाही, त्यामुळं "वेस यादीत घातली तर अख्ख्या गावाची बांधकामं बंद होतील" अशी जी हूल तुमच्याकडं उठवलीय ती खोटी आहे, हे ठणकावून सांगा.

माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम केला तो किल्लारीनं. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. मी तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडलेलो, औसा तालुक्यात सर्वेला गेलो. तिथल्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, पण दगडाच्या दोन पाळ्या आणि मधे माती-गोटे भरलेले, दोन्ही पाळ्यांना बांधणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, टनावारी ओझं. धक्का बसला की भिंत पोटातून फुटली. सगळ्यांनी निष्कर्ष काढला की जुनी पद्धत खुनी आहे. पण आम्ही हेही पाहिलं की जिथं माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांब-तुळयांवर उभं होतं तिथं पुष्कळदा भिंती बाहेर पडल्या आणि सांगाडा तसाच राहिला, खालची माणसं वाचली. म्हणजे पद्धतीत चूक होती तशी शहाणपणही होतं, दोन्ही वेगळं करून बघायला हवं होतं. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात लाखाहून जास्त घरांना ते केलंही, आरपार दगड घालणं, वर पट्टी बांधणं, गवंड्यांना शिकवणं. ते काम मला आजही पुनर्वसनापेक्षा मोठं वाटतं.

पुनर्वसनात ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. जमीन किती यावरून घर, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट, सिमेंटचं, चौकटीत आखलेले सरळ रस्ते, कागदावर सुंदर. घाई होती, पावसाळा यायच्या आत छप्पर द्यायचं होतं, त्या वेळच्या माणसांना दोष देणं सोपं आहे, मी देत नाही. पण जुनं गाव म्हणजे काय होतं? भावकीची गल्ली, समोरासमोर दारं, एका अंगणात चार चुली, बाया कपडे धुवायला कुठं जायच्या, म्हातारी कुठल्या कट्ट्यावर बसायची, मारुतीचा पार, ढोरं कुठून आत यायची. नव्या गावात ह्यातलं काहीच आखलं नव्हतं. गाव कितीतरी पट पसरलं, एका टोकाच्या म्हातारीला देवळात जायला रिक्षा लागावी इतकं. ढोरांना जागा नाही, कडबा ठेवायला जागा नाही. काही वर्षांनी मी परत गेलो तेव्हा लोकांनी आरसीसीच्या घरासमोर जुन्या गावातून आणलेली लाकडं, दगडी उंबरे लावून पडवी काढलेली, दोन घरांमधली मोकळी जागा भरून गल्ली तयार केलेली, म्हणजे प्लॅनरनं जे पुसलं ते लोक हातानं परत काढायलेत. त्या दिवसापासून मला वारसा म्हटलं की आधी घुमट आणि शिल्पं आठवत नाहीत, गल्लीची रुंदी आठवते.

गावाच्या खालची जमीनसुद्धा वारसाच, बरं का. आपल्याकडं काळी आणि पांढरी म्हणतात, काळीत शेती, पांढरीवर वस्ती. ती पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या पडलेल्या घरांची माती, एकावर एक. तेरला, म्हणजे जुन्या तगरला, पैठणला ती किती जुनी असते हे सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात या दोन्ही गावांची नावं आहेत, आणि तेरच्या पांढरीतून मिळालेल्या वस्तूंचं लामतुरे संग्रहालय जरूर बघून या. पण साध्या गावांत काय चाललंय, गढीची माती माळवदाला चांगली, शेताला चांगली, भरावाला चांगली म्हणून जेसीबी लावून ट्रॉलीवर ट्रॉली उचलायलेत. डीपीत किंवा गावठाणाच्या नकाशात एक साधी ओळ हवी की गढी आणि पांढरीच्या टेकाडातून माती उचलायची नाही. ही ओळ टाकायला एक रुपया लागत नाही.

बारवांचंही तसंच. परभणी जिल्ह्यात चारठाण्याला मंदिरं आणि बारव, सेलू तालुक्यात वालूरची ती गोल फिरत खाली उतरणारी बारव, गावकऱ्यांनी आणि पोरांनी मिळून कचऱ्यातून वर काढलीय, महाशिवरात्रीला दिवे लावतात, बघत राहावं असं दृश्य. साफसफाई झाली की सगळे खूश, मी पण. पण दोन वर्षांनी पाणी आटतं आणि परत कचरा येतो, का? कारण बारवेचं पाणी बारवेतलं नसतंच, ते वरच्या ओढ्याचं, पाणलोटाचं असतं, आणि तिथं कुणीतरी जमीन एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडलेले असतात, ओढा पाइपात घातलेला असतो, शेजारी तीनशे फुटांचा बोअर. म्हणून बारव वाचवायची तर तिच्या वरच्या ओढ्याची रेघ प्रादेशिक योजनेत आणि डीपीत हवी, तिला हात लावायचा नाही म्हणून. आणि काम सुरू करण्याआधी सातबारा बघा. बारव पुष्कळदा कुणाच्यातरी खासगी गटात असते, इतर हक्कात नोंद असते किंवा नसते, आणि साफ झाल्यावर मालकाला अचानक तिची आठवण येते. ही भांडणं मी लई पाहिलीत.

आता साधनं कोणती. लोक लगेच म्हणतात टीडीआर, म्हणजे हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क, द्या. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, ग्रेड एक, दोन अ, दोन ब, तीन, आणि जुनी इमारत ठेवल्याबद्दल न वापरलेला बांधकाम हक्क दुसरीकडं विकता येतो. मुंबईत जमीन सोन्याची म्हणून तो विकला जातो. आपल्या तालुक्याच्या गावात चार मजले बांधायला गिऱ्हाईक नाही तिथं टीडीआर कोण घेणार, तो कागद तिजोरीत ठेवून पूजा करायची. लहान गावात त्यापेक्षा मालमत्ता करात सूट, दुरुस्तीला बिनव्याजी थोडे पैसे, वाड्यात पतसंस्था-अभ्यासिका-खानावळ असा वापर बदलायला विनाकटकट परवानगी, याचा उपयोग जास्त होतो. नगरपरिषद ठरवेल तर करू शकते.

दुसरी चूक म्हणजे खासगी वाड्यावर "म्युझियम" असं आरक्षण टाकून मोकळं होणं. आरक्षण म्हणजे नगरपरिषदेनं ती जागा विकत घ्यायची, पैसे कुठं असतात? दहा वर्षं होऊन जातात, मालक कलम १२७ ची नोटीस देतो, ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण गळून पडतं आणि मालक, जो दहा वर्षं दुरुस्ती न करता वैतागलेला असतो, तो पहिलं काम काय करतो तर वाडा पाडतो. आरक्षण वेगळं, हेरिटेज यादी वेगळी. यादीत नाव आलं तर मालकी मालकाचीच राहते, फक्त बदल करताना विचारावं लागतं.

आणि यादीचंही माझ्या अंगावर आलेलं सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी मोठ्या हौसेनं पन्नास-साठ वाड्यांची यादी केली, फोटो, मोजमापं, ग्रेड, एकदम झकास रिपोर्ट. मालकांशी बोललो तेवढं मोजमापापुरतंच. यादी पेपरात छापून आली, आणि गावात बोंब झाली की सरकार वाडे ताब्यात घ्यायलंय. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्यातले दहा-बारा वाडे "पावसानं पडले". पाऊस त्या साली बेताचाच होता. माझ्या यादीनं ते वाडे पाडले हे मला मान्य करावं लागतं. तेव्हापासून आधी ओसरीवर बसायचं, पडत्या भिंतीला टेकू कसा द्यायचा ते फुकट सांगायचं, गच्चीची गळती काढून द्यायची, आणि यादीचा विषय तिसऱ्या भेटीत.

आता तुमच्या वेशीकडं येतो. १२ मीटर का मागितलेत ते आधी समजून घ्या. एक कारण खरं, बाजाराच्या दिवशी कोंडी होते. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला असतो, रस्ता रुंद झाला की कडेच्या मालकांना मजले जास्त मिळतात, त्यामुळं समोरचा दुकानदार रस्त्याच्या नावानं मजला मागतोय. त्याला वाईट माणूस समजू नका, पण हिशेब ओळखा.

मग एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ, चार पोरं वेशीत बसवा. किती गाड्या आत येऊन थांबल्या आणि किती नुसत्या आरपार गेल्या, एवढंच मोजायचं. माझा अनुभव असा की आरपार जाणाऱ्या पुष्कळ निघतात, त्यांना गावात कामच नसतं, त्यांना पलीकडच्या रस्त्याला लागायचं असतं. त्यांच्यासाठी गावाबाहेरून वाट काढायची. तुमच्या गावाला तट होता म्हणता, म्हणजे बाहेर खंदक असणार, तो आता नाला किंवा उकिरडा झाला असेल, बहुतेक सरकारी असेल, सिटी सर्वेच्या जुन्या शीटवर बघा. खंदकाच्या कडेनं वळणरस्ता नेला तर घरं फार पाडावी लागत नाहीत आणि तटाची रेघ पण दिसत राहते. वेशीतून दुचाकी, रिक्षा, पायी माणसं, आणि गरज पडली तर एकेरी. अग्निशमनाचा मुद्दा ते नक्की काढतील, आणि तो खोटा नाही, त्यावर लहान गाडी आणि वेशीच्या आत पाण्याचा हायड्रंट हे उत्तर आधीच लिहून द्या. तसंच १२ मीटर करायला वेशीच्या दोन्ही अंगाची किती घरं कापावी लागतात, भरपाई किती द्यावी लागते, त्याचा तक्ता जोडा, तुम्ही इंजिनिअर आहात, एका रविवारचं काम. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी गुरुद्वाऱ्याच्या भागात किती रुंदीकरण झालं ते आठवा, तिथं लाखोंची गर्दी ही खरी गरज होती. तुमच्या वेशीत ती गरज आहे का, हे आकड्यानं दाखवा.

प्रारूप जाहीर झाल्यापासून हरकतीला कलम २६ प्रमाणं ३० दिवस मिळतात, तारीख राजपत्रातून तपासा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तारखेवर जाऊ नका. हरकतीत "वेस आमची अस्मिता आहे" असली वाक्यं एकच ठेवा, बाकी शीट क्रमांक, सिटी सर्वे नंबर, आणि त्याच प्रारूप नकाशाच्या प्रतीवर लाल शाईनं तुमची पर्यायी रेघ. नुसती नको म्हणणारी हरकत सुनावणीत दोन मिनिटांत निकालात निघते, पण इथून न्या म्हणणाऱ्या हरकतीवर नियोजन समितीला निदान नकाशा उघडून बघावं लागतं. शंभर जणांनी एकच छापील हरकत देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या घराच्या नंबरासकट वेगवेगळी द्यावी. सोबत वेगळी मागणी करा की वेस, तट, गढी आणि बारव यांची हेरिटेज यादी याच योजनेसोबत व्हावी. सुनावणीला स्वतः जा, वकील पाठवू नका, आणि वेशीजवळचे दोन दुकानदार बाजूचे करून सोबत न्या, त्यांच्या तोंडून आलेलं वाक्य माझ्या-तुमच्या रिपोर्टपेक्षा जड पडतं.

वेशीच्या दुरुस्तीची घाई आत्ता करू नका, आणि कुणी देणगीदार सिमेंटचं प्लॅस्टर मारून ऑइल पेंट लावून देतो म्हणाला तर हात जोडून थांबवा, दगड-चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल आतच कोंडते आणि दगड सोलायला लागतो. आधी रेघ हलू द्या. तुम्ही लिहिलंय की वेशीच्या डाव्या देवडीत एकाची चहाची टपरी आहे आणि सुशोभीकरणासाठी त्याला उठवायचा विचार चाललाय. त्याला उठवू नका. देवडीत राखणदार बसायचा, तसा हा बसलाय, रात्री अकरापर्यंत दिवा लावून. फक्त त्याला गॅसची टाकी भिंतीपासून लांब ठेवायला सांगा आणि कमानीत खिळे ठोकू देऊ नका.